टूथपेस्टचं टोपण

प्रिय माऊ,

हल्ली मी फोनवर चार वाक्यांत आटोपतं घेते आणि तू फुरंगटून फोन ठेवतेस, हे मला कळतं. बोलायला गेलं की माझा आवाज दगा देतो. म्हणून लिहायला बसले आहे.

माझा शनिवारचा पसारा तुला ठाऊक आहेच. इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मुलं घरातल्या रिकाम्या बाटल्या, डबे, टोपणं घेऊन जमतात. लोक कचरा बाहेर टाकतात आणि माझी आई घरात आणते, म्हणून तू हसायचीस. पण तेलाच्या कॅनचा हत्ती झाला, त्याची मूठ म्हणजेच सोंड, हे पाहून मुलांचे चेहरे कसे उजळतात ते तू बघायला हवं होतंस. कापाकापी मी स्वतः करते, कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावते. कात्री, कडा, तापवलेली सुई, या सगळ्यांची मला धास्ती असायची. टोपणांची कधीच नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची धाकटी माझ्याकडे येते. तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती झोपेतसुद्धा बोलते असं तिची आईच सांगते. त्या दिवशी आम्ही शाम्पूच्या बाटल्यांचे मासे करत होतो आणि डोळ्यांना टूथपेस्टची टोपणं लावत होतो. रेडिओ माझ्या शेजारीच बसली होती. तिच्या माशाला दात दुखतात, म्हणून तो शाळेत जात नाही, असं काहीतरी तिचं चाललं होतं. मग ती गप्प झाली. माऊ, मला बरं वाटलं. हुश्श, जरा शांतता, असं मनात म्हणून मी दुसऱ्या मुलाची बाटली कापत राहिले.

मान वळवली तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते. खोकला नाही, रडणं नाही, आवाज कसलाच नाही. दोन्ही हात गळ्याशी आणि डोळे माझ्यावर रोखलेले. टोपण ओठांत धरून शिट्टी वाजवायला गेली होती, ते आत ओढलं गेलं. मी तिला हातावर पालथं वाकवलं आणि पाठीत जोरात थापट्या मारल्या. काही झालं नाही. बाकीची मुलं हसत होती, त्यांना वाटलं आजी खेळतेय. मग तिच्या मागे गुडघ्यांवर बसून, तिच्या पोटावर मूठ ठेवून आत आणि वर दाबलं, पुन्हा दाबलं. किती वेळा ते आठवत नाही. तिचं अंग माझ्या हातात सैल पडतंय एवढंच जाणवत होतं. आणि टोपण टप्पकन खाली वर्तमानपत्रावर पडलं.

ती श्वास घेऊन रडली, आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आजी, तू मला का मारलंस?"

मी तिला उचलून वर नेलं. शिंपीणबाईंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या मशीनवरून उठल्या आणि पोरीला घेऊन जमिनीवरच बसल्या. डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी बाई खाली आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून." मला मात्र ऐकू येत होतं ते वेगळंच. माझ्या शेजारी बसून ती गुदमरत होती, आणि मी शांततेचं सुख घेत होते.

पुढच्या शनिवारी मी खोलीला आतून कडी घातली. मुलं आली, दार वाजवून कंटाळली, निघून गेली. रेडिओ तेवढी पायरीवर बसून दाराशी बोलत राहिली. आजी झोपली का, आजीला ताप आला का, माशाला अजून शेपूट नाही. मी आत खुर्चीवर हात आवळून बसले होते. आणि मग ती गप्प झाली.

कडी कशी काढली मला माहीत नाही. बाहेर ती बुटाची नाडी बांधत होती. जीभ दातांत धरून, पूर्ण लक्ष देऊन. मी तिथेच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. तिने नाडी अर्धवट सोडली आणि मला माशाची पुढची गोष्ट सांगितली.

वर्ग पुन्हा सुरू आहे. बारीक टोपणं बंद, आणि हात चालत असताना प्रत्येकाने गाणं म्हणायचं. खोलीत इतका गोंगाट असतो की वरचे लोक तक्रार करतात. करू देत.

आता मूळ गोष्ट. तू कामावर परत रुजू झालीस की बाळाला मी सांभाळावं, असं तू विचारलंस आणि मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे धडधाकट आहेत, माऊ. मला भीती वाटते. बाळं तर शांतच झोपतात, आणि माझ्याच्याने आता शांतता सोसवत नाही. तरी मी येते आहे. फक्त सुरुवातीचे काही दिवस तू घरात राहा, आम्हा दोघांना एकटं सोडू नकोस. आणि मी झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून उभी दिसले, तर हसू नकोस. माझ्या शेजारी येऊन उभी राहा.

तुझीच घाबरट,
आई