डावं की उजवं

मंगळ., ९ सप्टें. सांगली.
काल मेढ्याहून वस्तीची एसटी घेऊन आलो. परतीची दुपारी. सकाळी विश्रामबागेतल्या मैदानावर धनुष्यबाणाचा सराव बघत उभा. हल्ली नेमच झालाय. शिकवणाऱ्या अस्मितामॅडम म्हणाल्या, "काका, नुसतं बघून पोट भरतं का? धरा." हलकं धनुष्य दिलं. दोरी हनुवटीपर्यंत ओढली, मन एका जागी आलं. बाण गवतात. हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

शुक्र., १२ सप्टें. सांगली.
स्वतःचं घ्यायचं म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, आधी डोळा ठरवू. दोन्ही तळहातांची खिडकी करून लक्ष्याचा पिवळा ठिपका बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. उजवा मिटला, ठिपका जागेवर. "डावा डोळा पुढारी तुमचा. डावखुरं घ्या. होतं असं पुष्कळांचं."
हात खाली केले, नुसत्या उजव्यानं पाहिलं. ठिपका नाहीच. दुधावर साय धरावी तसं काहीतरी. मॅडमना म्हटलं, बघू.
दुपारी गाडी काढली. खच्चून भरलेली.

रवि., १४ सप्टें. मेढा.
सुट्टी. अंगणातून मेरुलिंगाला हात जोडले, डावा मिटून पाहिलं. डोंगर आहे, देवळाचा कळस नाही. कुसुम दारात उभी. "आवं, देवाला डोळा मारताय व्हय?"
हसलो. सांगितलं नाही.

मंगळ., १६ सप्टें. सांगली.
मॅडमना म्हटलं, उजव्या हाताचंच मागवा. डाव्या हातानं कधी प्रसाद घेतला नाही, दोरी कशी ओढू? "हात शिकेल काका. डोळ्याला नाही शिकवता येत."
उजव्यानं मारून पाहिलं. सगळे बाण डावीकडे. उत्तर पुढं ढकललं.
धनुष्याचंच नव्हे.

शुक्र., १९ सप्टें. सांगली.
कराडच्या अलीकडं उजवीकडून मोटारसायकल आली. दिसलीच नाही. कंडक्टर सर्जेराव ओरडला म्हणून ब्रेक लागला. देवानं राखलं. त्या पोरालाही, मलाही.
"झोपला व्हतास काय रं?"
"न्हाई."
सांगलीत उतरल्यावर त्याला डोळ्याचं सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग, "लेकरं बसत्यात गड्या आपल्या गाडीत."

शनि., २० सप्टें.
डेपोत सांगितलं. गाडी दुसऱ्याकडं. मॅडमना म्हटलं, डावखुरंच मागवा.
डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहेच, मागच्या पडद्याचं मात्र आत्ताच सांगता येत नाही. दसऱ्यानंतर पुन्हा तपासणी. तोवर स्टिअरिंगला हात नाही.
सर्जेरावशेजारी बसून घरी. कुसुमला सगळं सांगितलं. "म्हंजे मेरुलिंगाला ठावं व्हतं, मलाच न्हवतं."

बुध., १ ऑक्टो. खंडेनवमी. मेढा.
धनुष्य आलं. कुसुमनं पाटावर कोयता, विळा मांडले, शेजारी ते ठेवलं. मी खिशातून ड्रायव्हरचा बिल्ला काढून ठेवला. तिनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं. बिल्ल्याशी हात थांबला, मग त्यालाही लावलं.
डाव्या हातानं एकदा दोरी ओढून बघावी असं फार वाटलं. पण पूजेतलं हत्यार आज हलवत नाहीत.
उद्या दसरा. ज्यानं त्यानं आपलं उचलायचं. धनुष्य उचलीन.
बिल्ला तपासणी होईपर्यंत पाटावरच.