एकेकाला एक

८ जून

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून केला, डोकं ठिकाणावर नाही. काल ट्रान्सपोर्टवाल्याने ताईने पाठवलेलं खोकं दवाखान्यात आणून टाकलं. एका बाईंच्या दाढेत सिमेंट भरत होतो. त्यांना तोंड उघडं ठेवून बसायला सांगितलं आणि खाली धावलो. बाबांचे स्पीकर आले म्हटल्यावर कोण थांबणार? दोऱ्या कापल्या, भुसा उपसला, आणि आत एक स्पीकर. एकच. गाडीवाल्याला म्हटलं दुसरा कुठाय, तर म्हणतो कागदावर एक नग लिहिलाय, एक नग दिलाय, सही करा.

आत ताईची चिठ्ठी होती. बाबांची वस्तू, तुम्ही दोघं भाऊ, एक तुला आणि एक भाऊला, कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. अरे, ही वाटणी आहे की थट्टा? उद्या चपलांचा जोड निघाला तर डावी तुला आणि उजवी मला देणार का ही बाई? शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात पोरं घरी गेल्यावर थांबून बाबांनी एका फळीतून ती दोन खोकी कापली होती. ती अशी दोन गावांना?

तरी मन राहवेना म्हणून नव्या ॲम्प्लिफायरला जोडून पाहिला. हो, घेतला शेवटी, व्हॉल्व्हचाच. हिला फक्त वजन सांगितलंय, किंमत नाही, तूही तोंड उघडू नकोस. बाबांची ती आवडती रेकॉर्ड माझ्याकडेही आहे, ती लावली. बाई गातेय, पण व्हायोलिनवाला गायब. ज्या जागी तो तिला उत्तर देतो तिथे सगळं चिडीचूप. ती बिचारी विचारतेय आणि कुणी जबाबच देत नाही. मी अर्ध्यावर बंद केली.

तुझाही आला असेलच. माझं म्हणणं सरळ आहे, तो इकडे पाठवून दे. तुझ्या खोलीत खाली फरशी आणि समोर काच, तिथे चमचा पडला तरी तीनदा ऐकू येतो. माझ्याकडे गालिचा आहे, जाड पडदे आहेत. वस्तू शोभते तिथे असावी.

वहिनीची कंबर आता कशी आहे? माझा राग तुझ्यावर नाही, तेव्हा तुझा लोभ बंद करू नकोस.

तुझा,
गोट्या


१४ जून

चि. गोट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं, स्पीकर पोचला नाही. मला वाटलं होतं तू शहाण्यासारखा तो इकडे रवाना करशील, तर उलट तूच माझा मागतोस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

माझाही आला. ऑफिसातून येऊन बघतो तर आमच्या कन्यारत्नाने त्याच्यावर कुंडी ठेवून वर पाणीसुद्धा घातलं होतं. दिवसभर पाणीपुरवठ्यात लोकांच्या गळत्या बंद करतो, आणि घरी बाबांच्या पॉलिशवरून ओघळ. मी ओरडलो, तर तुझी वहिनी म्हणाली की एकटा स्पीकर कुंडीखेरीज कशाच्या कामाचा आहे ते आधी सांगा.

आता हक्काचं बोलू. त्या खोक्यांना पॉलिशपेपर कुणी मारला? मी. तू तेव्हा सरसाच्या डब्यात बोटं घालून रडत होतास. बाबा मधल्या खुर्चीतून उठले की ती आधी कुणाला मिळायची? मला. तुझी पाळी नंतर. आणि माझ्या फरशीला नावं ठेवू नकोस. तू ते कुठे मांडणार ते मला पुरतं ठाऊक आहे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लोक गाल धरून कण्हत बाबांची रेकॉर्ड ऐकणार. तुझा तो व्हॉल्व्हचा डबा तर विचारूच नकोस. अरे, तो गाणं वाजवतो की खोली शेकतो? साधा ट्रान्झिस्टरचा घे म्हणून किती कानीकपाळी ओरडलो होतो.

खरं पाहता दोष ताईचा. मनाने चांगली, पण ह्यातलं तिला काय कळतं? मी तिला नीट समजावून लिहितो. तू तुझा बांधून तयार ठेव.

आवाज बेताने लावत जा, कान एकदाच मिळतात. बाकी माझी माया आहे तेवढीच आहे, तू कितीही आडमुठेपणा केलास तरी.

तुझा,
भाऊ


१५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा हेतू चांगला होता हे आम्ही दोघंही जाणतो, म्हणून रागाने काही लिहीत नाही. पण ताई, तू हे काय करून ठेवलंस? निदान एका शब्दाने विचारायचंस तरी.

सोप्या भाषेत सांगतो. माणसाला कान दोन, म्हणून स्पीकर दोन. दोन्हींतून वेगवेगळं येतं आणि ते ऐकणाऱ्यापाशी येऊन एक होतं. ऐकणारा दोघांपासून सारख्या अंतरावर, बरोबर मध्ये हवा, तरच गाणारी समोर उभी राहिल्यासारखी वाटते. जरा बाजूला सरकलं की गेली. म्हणून तर बाबांनी मधल्या खुर्चीच्या पायांशी फरशीवर खुणा केल्या होत्या. झाडताना तुला दिसल्या असतीलच. तुझ्याच शिवणकामातलं सांगायचं तर तू सदऱ्याची एक बाही मला दिलीस आणि एक गोट्याला, आणि म्हणतेस घाला.

तेव्हा गोट्याला एक ओळ लिही की स्पीकर भाऊकडे पाठव. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. बाबांच्या आजारपणात तू जे केलंस ते आम्ही विसरलेलो नाही. रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर खुशाल तुझ्याकडे राहू दे. अडचण होत असेल तर तसं कळव, नेण्याची व्यवस्था करतो.

तुझा आशीर्वाद आहेच, त्यात थोडी समजूतही मिसळ एवढीच विनंती.

तुझा,
भाऊ


२२ जून

चि. भाऊ आणि चि. गोट्या,
अ. आ.

हेच पत्र दोनदा लिहून दोघांना पाठवलंय. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको.

भाऊ, तुझा धडा वाचला. फार उपकार झाले. कान दोन असतात हे मला माहीत नव्हतं. आता माझं ऐका. मी गाढव नाही. एका जागी दोन पेट्या जन्मभर पुसल्या, त्यांची जोडी असते एवढं मला समजतं. मी ती जाणूनबुजून फोडली, आणि चिठ्ठीतलं ते कमीजास्त तुम्हाला गप्प करायला लिहिलं होतं.

बाबा गेले त्या आठवड्यात तुम्ही आलात. मी आत सगळ्यांचा चहा करत होते, आणि तुम्ही दोघं त्या खोलीत टेप घेऊन पेट्या मोजत होतात, कुणाच्या भिंतीला बसतील म्हणून. भांडत होतात ते मला ऐकू येत होतं. मी बाहेर यायचे आणि तुम्ही गप्प व्हायचात. मला वाटलं, आत्ता कुणीतरी म्हणेल. आज म्हणेल, उद्या म्हणेल. ताई, तुला हवेत का? एवढे चार शब्द. तुम्ही गाडीत बसलात तरी कुणी म्हटलं नाही. मग म्हटलं, ठीक आहे, घ्या एकेक आणि करा काय करायचं ते.

बाबांची रेकॉर्ड लागली की माझं मशीन बंद व्हायचं. खटखट मध्ये येते म्हणायचे. शाळांचे गणवेश द्यायचे असायचे, गिऱ्हाईक दारात उभं असायचं, आणि मी पायडलवरचे पाय काढून बसून राहायची. बंद केलं ते केलं, पण आत येऊन ऐक असं मला कोण म्हणालं? बाबा म्हणाले? भाऊ, तू? खुर्चीसाठी तुमच्या पाळ्या लागायच्या, त्यात माझी पाळी कधी होती? शेवटी बाबांना उठवेना, तेव्हा रेकॉर्ड मीच लावायची, मीच उलटायची. एकदा उलटून झाल्यावर तिथेच भिंतीशी उभी राहिले, तर म्हणाले बाजूला हो, आवाज अडतो. मी बाजूला झाले. बाबा गेले, त्यांच्याशी काय भांडायचं. पण तुम्ही दोघं आहात ना.

गाणं मला आवडत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या रेकॉर्डचा शब्द न् शब्द मला पाठ आहे, स्वयंपाकघराच्या दारातून ऐकून.

रेकॉर्ड प्लेअरची व्यवस्था करायला येऊ नकोस, भाऊ. आशीर्वाद वर लिहिलेत, ते नेहमीचे आहेत. ह्या वेळी त्यापलीकडे काही मागू नका.

ताई


२७ जून

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र तुलाही आलं असेल. वाचून आधी माझं टाळकंच सटकलं. तिनेही कधी तोंड उघडलं का? म्हणाली असती तर आपण नाही म्हटलं असतं का? हे सगळं मी तावातावाने हिला सांगितलं, पत्रही वाचून दाखवलं. हिने शांतपणे घडी घालून ते परत दिलं आणि म्हणाली की माझ्याही घरात दोन स्पीकर आणि एक खुर्ची आहे, मला तरी कधी बसवलंत? मी म्हटलं तुला आवड नाही. ती म्हणाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं? शब्दाला शब्द तोच, भाऊ.

तेव्हापासून घरात माझ्याशी कामापुरतं बोलणं चाललंय. तू वहिनीला हे पत्र दाखवायच्या आधी दहादा विचार कर.

गालिचा, फरशी, पॉलिशपेपर, सगळं राहू दे. येत्या रविवारी मी माझा स्पीकर गाडीत घालून ताईकडे निघतोय. तूही तुझा घेऊन ये. कुंडी खाली ठेव आणि डाग पुसून आण. तिथे आपण भांडायचं नाही एवढं ठरवून येऊ.

तुझा माझ्यावरचा लोभ ह्या वेळी ताईकडे वळव, तिथे जास्त गरज आहे.

तुझा,
गोट्या


९ जुलै

चि. भाऊ आणि चि. गोट्या,
अ. आ.

रविवारी तुमच्याशी धड बोलले नाही, जाताना दारापर्यंतही आले नाही. तुम्हाला वाटलं असेल ताईला भरून आलं. गोट्या तर डोळे पुसतच गाडीत बसला. तो गैरसमज काढायला हे लिहिते.

भांडायचं नाही म्हणून आलात आणि येताक्षणी पेट्या किती तिरक्या ठेवायच्या ह्यावरून जुंपली. मला खुर्चीत बसवलंत आणि दोघं मागे उभे. ताई, आता बघ, आता खालचा सूर येईल, आता ऐक. शेवटी तुम्हाला स्वयंपाकघरात घालवून दार लावून घ्यावं लागलं. बरं झालं. तिथून कसं ऐकू येतं ते तुम्हालाही एकदा कळलं.

मग मी ऐकलं. समोर नुसती भिंत आणि एक खिळा, आणि तिथे ती बाई उभी होती. तिने श्वास घेतलेला मला कळला. डावीकडे खिडकीपाशी व्हायोलिनवाला, पार मागे ढोल. मध्ये एका जागी ती थांबते, आणि थांबल्यावर हलकंसं हसते. ते हसणं मला माहीत नव्हतं रे. जन्मभर ऐकलेलं गाणं, आणि ती त्यात हसते हे मला माहीत नव्हतं.

मी रडले ते रागाने. नीट समजून घ्या. इतकी वर्षं मी मनाची समजूत घातली होती की ही पुरुषांची मिजास आहे. खुर्ची काय, खुणा काय, सगळं सोंग. दारातून ऐकलं काय आणि तिथे बसून ऐकलं काय, गाणं तेच, आपलं काही बुडालं नाही. त्या समजुतीवर मी सुखाने दिवस काढले. रविवारी तुम्ही तीही काढून घेतलीत. हे असं असतं, आणि तुम्हाला ते लहानपणापासून माहीत होतं, आणि तुम्ही ते ऐकून बाहेर यायचात आणि मला म्हणायचात, ताई, भूक लागली.

पेट्या इथेच राहतील. ऐकावंसं वाटलं तर या, बायकांना घेऊन या. आधी त्या बसतील. तुम्ही दारात थांबा. तुमची पाळी आली की मी सांगेन.

तुम्हाला माफ केलेलं नाही, करीन असंही वाटत नाही. लोभाची मात्र विनंती करू नका, तो कधी आटला नव्हता. इतकी वर्षं त्याच्याच जिवावर तर तुमचं निभावलं.

ताई