गोऱ्ह्याच्या किमतीचं माझं सूत्र

२ मार्च
आजपासून रोज लिहायचं. म्हातारा वळू रिटायर. तांबडी गाय सोडली तर गोठ्यातल्या बाकी सहाही त्याच्याच पोरी, आता वयात आलेल्या. बाहेरच्या रक्ताचा गोऱ्हा हवा. निवड अर्थातच मी करणार. हिने दुधातून वर्षभर साठवलेले सत्तर हजार माझ्या हातात दिले आणि बजावलं, की या वेळी चुकलात तर गोठ्याचा कारभार मी बघेन, तुमच्याकडे फक्त शेण. दुर्लक्ष केलं. जनावर ओळखायला नजर लागते. हिला ती नाही.

४ मार्च, सकाळी
किमतीचं सूत्र तयार. वय, छातीचा घेर, पाठीची लांबी, आईचं दूध, अधिक चालीचे मार्क. मार्क मी देणार. लोक इतकी वर्षं अंदाजपंचे गोऱ्हे घेत आले, त्यांची कीव येते.

४ मार्च, दुपारी
जनावरांचे डॉक्टर भेटले. पैसे देण्याआधी कानातल्या बिल्ल्याचा नंबर घ्या, आईबाप कोण ते शोधा म्हणाले. माणूस चांगला, पण पुस्तकी.

९ मार्च
तीन गोठे पालथे घातले. एकही पसंत नाही. एकाने मांडीत शिंग मारलं. चालीचे मार्क कापले. बसवत नाही, उभ्यानेच लिहितोय.

१२ मार्च
सापडला! मिशीवाल्या गोठेवाल्याकडे. सोळा महिन्यांचा, कपाळावर पांढरा ठिपका, चाल राजाची. मूळ कुणाचा विचारलं, तर चार महिन्यांचा असताना दलालाकडून घेतला, त्याआधीचं ठाऊक नाही म्हणे. भारी रक्त असलं की लोक असंच लपवतात. मी समजून हसलो. आईचं दूध अठरा लिटर धरलं.

मिशीवाल्याने पंचावन्न हजार सांगितले. सूत्राने बहात्तर आले. त्याला दोनदा हिशेब समजावला. बिचारा गोंधळून गेला, दोनदा पाणी प्याला. मग मी जोरदार घासाघीस करून बहात्तरवरून अडुसष्टवर आणला. चार हजार वाचले! बिल्ला नंबर ३१४, डॉक्टरांच्या समाधानासाठी लिहून ठेवतो. घरी आल्यावर, आपलं गोठ्याच्या नोंदींचं रजिस्टर एकदा बघा, असं ही म्हणाली. सवडीने बघू.

१३ मार्च
गोऱ्हा घरी आला. दावं सोडताच कुणाला न विचारता थेट तिसऱ्या खुंट्यापाशी जाऊन उभा. याला म्हणतात आत्मविश्वास! शेजारची तांबडी तर त्याला चाटतच सुटली. पहिल्या नजरेतलं प्रेम. वयाचं तरी भान ठेवायचं.

ही कमरेवर हात ठेवून बघत राहिली. कौतुक करायला मन मोठं लागतं.

१४ मार्च
सकाळी हिने रजिस्टर माझ्यासमोर उघडं ठेवलं. मागच्या वर्षीचं पान. अक्षर माझं.

“३१४. नर. आई तांबडी, बाप घरचा वळू. पाय फेंगडे, नजर मंद. पैदाशीला नालायक. दलालाला चार हजारात दिला. निर्णय माझा.”

म्हणजे गोठ्यातल्या सात गाईंत एक त्याची आई आणि सहा बहिणी. डॉक्टरांना फोन केला. हसले नाहीत, ते जास्त लागलं.

मिशीवाल्यालाही केला. परत घ्यायला तयार आहे. किंमत मात्र तुमच्याच सूत्राने काढून कळवा, म्हणाला.

१४ मार्च, संध्याकाळी
सूत्र लावलं. आईचं दूध या वेळी खरं टाकलं. सहा लिटर. रोज सकाळ-संध्याकाळ मीच काढतो.

आकडा हिला सांगितला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ज्यात वर्षभर पैसे साठवले, तो रिकामा डबा तिने धुऊन पालथा घातला. फार वाईट वाटलं. मग फावडं आणि पाटी आणून माझ्या चपलांशेजारी ठेवली.

उद्यापासून रोज लिहायला वेळ मिळेल असं वाटत नाही.