कोऱ्या कपाळाची

सरस्वतीपुरम, म्हैसूर

अहो,

तुम्ही जाऊन वर्ष उलटलं, तरी ओरडाल या भीतीनं आधीच सांगून टाकते. तुमच्या जपानी बायका मी कपाटातून बाहेर काढल्या. लाकडी ठशांची ती चित्रं जन्मभर जमवलीत, आणि उजेडानं रंग उडतात म्हणून मलासुद्धा कधी धड बघू दिली नाहीत. यंदा इथल्या रीतीप्रमाणे दसऱ्याच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या, तेव्हा केस विंचरणारी तुमची लाडकी मधोमध ठेवली. काचेशिवाय. ओरडा आता!

बाहुल्या बघायला शेजारची गोदा आली. बाहुल्यांतल्या देवीला कुंकू लावता लावता चित्रापाशी थबकली. "अय्यो, हिचं कपाळ असं कोरं का गं?" म्हणाली, आणि मी हात धरायच्या आत कागदावरच बोट टेकवलं. माझ्या तोंडून अगदी तुमची किंकाळी निघाली. गोदा दचकून वळली आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग तिनं तेच बोट मलाही लावलं.

रंग कागदात मुरलाय. जाणकार म्हणतील, चित्र वाया गेलं. म्हणू देत. दोघींचंही कुंकू मी पुसलेलं नाही.

तुमचीच,
वेणू