प्रिंटरचा गेटपास

आकुर्डी, गुरुवार

चि. सलिल यास श्रीपाद भावोजींचे अनेक आशीर्वाद. नाशिकला थंडी पडली असेल, तुझा खोकला गेला असेल, पोरं शाळेत जात असतील, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक. (ठीक नाही. पुढे वाच.)

तू दसऱ्याला बसवून दिलेला कम्प्युटर झकास चालतो. त्यात काही नवीन घालायला गेलं की पडदा काळवंडतो आणि 'या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का?' असं तो अदबीनं विचारतो. खरं सांगतो, मला हे फार आवडलं. चाकणच्या कंपनीत बत्तीस वर्षं मेन गेट सांभाळलं. एकदा खुद्द मॅनेजरसाहेब ओळखपत्र विसरून आले, तर त्यांनाही मी आत सोडलं नाही. (पुढे माझी बढती अडली, तो भाग वेगळा.)

तर झालं काय, तुझ्या चित्राताईचा गीतेचा वर्ग. सोसायटीतल्या अकरा बायका घरी येतात, सगळ्यांना चष्मे, म्हणून पंधरावा अध्याय ठसठशीत अक्षरांत छापून हवा. त्यासाठी प्रिंटर आणला. जोडला, तर हाच प्रश्न आला आणि खाली लिहिलेलं, प्रकाशक अज्ञात. आता तूच सांग, ज्याचं नावगाव माहीत नाही त्याला मी घरात घेऊ? 'नाही' दाबलं. चित्रानं परत जोडला, मी परत 'नाही'. असं नऊ वेळा. दहाव्या वेळी मी तिला रीतसर सांगितलं, की चिठ्ठीवर प्रिंटरचं नाव, काम आणि किती वेळ थांबणार ते लिहून दे, मी सही करतो. इथे माझं जरा चुकलंच.

ती ताडकन उठली, पेन ड्राइव्ह घेतला, भर दुपारी बसनं पिंपरी कॅम्पात जाऊन पानं छापून आणली, आणि येताना तळमजल्यावरच्या मिनलला घेऊन आली. (मिनल आयटीत आहे आणि आगाऊ आहे.) तिनं दोन मिनिटांत तो प्रश्नच बंद करून टाकला. प्रिंटर लगेच खडखडायला लागला. ही मंगळवारची गोष्ट. तेव्हापासून चित्रा माझ्याशी बोलत नाही. चहाचा कप येतो, पण 'आलं घालू का' हे विचारणं गेलं. कम्प्युटरही आता काही विचारत नाही. सकाळभर नुसता त्याच्यासमोर बसतो. करमत नाही रे.

तर तूच न्याय दे. असं दार सताड उघडं टाकणं धोक्याचं की नाही? उद्या एखादा लबाड प्रोग्राम आत शिरला तर त्याला अडवणार कोण? ताईला फोन करून चांगलं खडसाव. (माझं नाव घेऊ नकोस.)

तुझा,
श्रीपाद

ता. क. खडसावू नकोस. एवढंच सांग, की प्रश्न परत चालू केला तर 'होय' दाबायचा अधिकार तिचा. मी शेजारी गप्प बसेन. पण तिनं बोलावं.

ता. क. (ताईकडून) सलिल, पाकीट टेबलावर उघडंच होतं, म्हणून वाचलं. माझा राग कालच गेला होता, आता ह्यांना सांगते तसं. पण तू रविवारी ये आणि तो प्रश्न पहिल्यासारखा चालू कर. कम्प्युटरचा पहारा सुटल्यापासून हे दुपारी दारात खुर्ची टाकून बसतात. काल तीनच्या वर्गाला अकरा जणींपैकी सातच आत पोचल्या. इंद्रायणीबाई समोरच्याच फ्लॅटमधल्या, त्यांनाही विचारलं, कुठून आलात? जमलं तर तो प्रश्न दिवसातून चारदा येईल असं कर. शक्यतो तीन ते पाच.