देवदूतांना जेवणाची सुट्टी

सान हासिंतो,
मंगळवार, २७ मे

प्रिय एदिल्बेर्तो,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचा खोकला आता थांबला असेल, असं धरून चालतो. इकडे गुडघे सोडले तर मी ठीक. शाळेमागच्या कॉफीची फळं लाल व्हायला लागलीत. सकाळी दार उघडलं की अजूनही वाटतं, आता घंटा होईल आणि तुम्ही पोरं ओल्या पायांनी वर्गात शिराल.

तुझं पत्र मिळालं. इस्पितळाच्या दर्शनी भिंतीवर माझी कविता संगमरवरात कोरायची आहे, म्हणून ती माझ्याच अक्षरात हवी, असं लिहितोस. तीन वर्षांपूर्वी असं पत्र आलं असतं तर गावभर दाखवत फिरलो असतो.

कविता मी देणार नाही.

तुझ्या पत्राला दोन पानं आहेत आणि त्यांत लुस्मिलाचं नाव एकदाही नाही. माझी लेक तुझ्या इस्पितळात एकोणीस वर्षं नर्स आहे, आणि तिला ठेवायचं की काढायचं हे शुक्रवारी तुझी समिती ठरवणार आहे. खाली सही तुझीच असणार. एका हाताने बापाची कविता मागायची आणि दुसऱ्याने लेकीला घरी बसवायचं, हे तुला कुणी शिकवलं रे? मी तर नाही!

काय घडलं ते तू कागदावर वाचलंस. आता माझ्याकडून ऐक. एप्रिलमध्ये पुरुषांच्या वॉर्डात दुपारच्या पाळीला ती एकटी असायची. एकतीस खाटा. पाळी बदलताना नोंदवहीत लिहायचं ही तुमची पद्धत. त्या महिन्यात तिने चार वेळा लिहिलं, ‘आणखी एक नर्स हवी.’ कुणी उत्तर दिलं नाही. मग एके दुपारी चौदा नंबरचं सलाईन सतराला लागलं. दहा मिनिटांत तिच्याच लक्षात आलं. तिने ते काढलं, डॉक्टरांना बोलावलं आणि आपली चूक वहीत स्वतःच्या हाताने लिहिली. कुणी पाहिलेलं नव्हतं. लिहिलं नसतं तर आज तिला कुणी विचारलंही नसतं. सतरा नंबरचा म्हातारा तर हसत होता, “पोरी, शेजाऱ्याचं फुकट प्यायलो, त्याला सांगू नकोस हं!” घरी जाताना तिच्यासाठी केळीच्या पानात बांधलेलं ताजं चीज ठेवून गेला.

त्या म्हाताऱ्याला जे कळलं ते तुला कळू नये?

तिसरीत असताना वार्षिक कार्यक्रमात तू कविता विसरलास. कान लाल झाले होते तुझे. मी पडद्याआडून ओळ पुटपुटलो, तू ती पकडलीस आणि पुढे निघालास. दुसऱ्या वर्षी सगळ्यांत आधी तुझाच हात वर. माणूस असाच कामाला लागतो, एदिल्बेर्तो. अडखळला की कुणीतरी हळूच ओळ सांगावी लागते.

परवा लुस्मिलाच्या वॉर्डातली दुसरी नर्स, मारुहा, आली होती. म्हणाली, “मास्तर, आमचा वॉर्ड आता स्वर्ग झालाय.”

“तो कसा?”

“वही उघडून बघा ना! रोज एकच ओळ: ‘नवीन काही नाही. नवीन काही नाही.’ बारा तारखेपासून एकीच्याही हातून चूक नाही. देवदूतच आम्ही! आणि देवदूतांना कशाला हवी जेवणाची सुट्टी? तुम्हीच तर लिहून ठेवलंय.” मग कॉफीचा कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली, “सलाईनं अजूनही इकडची तिकडे लागतात, मास्तर. फक्त आता कुणाला कळत नाही.”

सुट्टीच्या दिवशीही ‘अकरा नंबरचा जेवला का’ म्हणून फोन करणाऱ्या बाया ह्या. आता पाळी संपली की मागे वळून बघत नाहीत.

तिचा टोमणा मला लागला, कारण खरा होता. तीन वर्षांपूर्वी त्या सगळ्याजणी माझ्याकडे आल्या होत्या. दुसरी नर्स मिळावी आणि जेवायला अर्धा तास मिळावा, एवढाच अर्ज लिहून हवा होता. मी लिहायला बसलो, खिडकीतून डोंगर दिसला, आणि अर्जाची कविता झाली:

थकवा तिजला ठाव न काही,
श्वेत पाखरू जागत राही.

तू ती भिंतीवर लावलीस. नर्सांनी माणसं मागितली की भिंतीकडे बोट दाखवायचास. मला हे माहीत होतं. लुस्मिलाने सांगितलं होतं. मला वाटलं, निदान कविता वाचली तरी जाते.

आता बारा तारखेचं. इथवर टाळत आलो, पण ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करता येत नाही. परिचारिका दिनाच्या समारंभात, सगळ्यांसमोर, तुम्ही लुस्मिलाला उभं करून तिची चूक तिच्याच तोंडून वाचून घेतलीत. पहिल्या रांगेत पाहुणा म्हणून मी बसलो होतो. ‘चौदा’ म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. वाचून संपलं आणि तू हसत म्हणालास, “आणि आता आपले लाडके मास्तर!”

मी उठलो. आणि म्हटली, एदिल्बेर्तो. तीच कविता, चालीवर, हातवारे करून. टाळ्या पडल्या. लुस्मिला तेव्हाही उभीच होती. तिला कुणी ‘बस’ म्हटलं नव्हतं. मीही नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. काल विचारलं, “शुक्रवारी काय सांगशील?” भांडी विसळता विसळता म्हणाली, “जाणारच नाही, बाबा. एकदा उभी राहिले, पुरे झालं.”

म्हणून शुक्रवारी दहाला मी येतो. तुझ्या समितीपुढे माझी चूक मी वाचीन: अर्ज मागितला होता, कविता दिली, लेक उभी होती, मी टाळ्या घेतल्या. मग वॉर्डातली नोंदवही मागवून ‘आणखी एक नर्स हवी’ लिहिलेली ती चार पानं तुझ्यापुढे उघडून ठेवीन. ती तू वाचायचीस, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. त्यानंतर तिला काढायची हिंमत असेल तर कर सही.

माझ्यासाठी खुर्ची मांडू नकोस.

लुस्मिलाचा बाप,
बेनिग्नो ओचोआ