सलामीची धून

१८ मार्च, मंगळवार

परत तेच! एक महिरपी कंस बंद करायचा राहिला आणि ढोलाचे ठोके सगळे क्लॅरनेटच्या ओळीत जाऊन बसले. हे कसलं सॉफ्टवेअर कळत नाही. माऊसनं सूर उचलून ठेवायची सोयच नाही. सगळं अक्षरांत टाइप करायचं, मग ते बँडाच्या स्वरलिपीचं पाच रेघांचं पान काढून देते. फुकट मिळालं म्हणून घेतलं, आता भोगून राहिली.

पण करावंच लागेल. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत, सौंसरात, बाबांनी स्वतः बांधलेली सलामी पहिल्यांदा वाजणार. पोलीस बँडातून रिटायर झाल्यापासून बाबा आपल्या बँड पार्टीचे मास्तर, पण आजवर धुना दुसऱ्यांच्याच. वाजवणारे कोणी रामाकोन्याचे, कोणी बोरगावचे. रोज तालमीला कोण येणार? बाबांनी सगळ्यांना ही लिपी वाचायला शिकवलं आहे, म्हणून ज्याचा त्याचा कागद मोबाइलवर पाठवायचा.

१९ मार्च

'युफोनियम' हे वाद्याचं नाव पहिल्याच सुरावर चढून बसते. समास वाढवला तर शेवटचा तुकडा दुसऱ्या पानावर पळते. क्लॅरनेटवाले हेमराजकाका म्हणाले, "रूपा, चालता चालता पान कोन उलटवन? एकाच पानात बसव."

कसं बसवू?

२३ मार्च, रविवार

बाबांनी एकेका वाद्याचं तोंडानं सांगितलं, मी टाइप केलं. छापून दिलं तर बोट ठेवून तपासलं — एक चूक नाही. मग सगळं मिळून कॉम्प्युटरवर वाजवलं. अरे बाप्पा! चार वराती एकाच चौकात अडकल्यासारखं. बाबा मात्र कागदावर बोट फिरवत, पायानं ठेका धरून बसले होते.

"बराबर हाय."

"बाबा, बेसूर नाही वाटत?"

"धून म्या बांधली का तू?"



२४ मार्च

काहीच समजून नाही राहिलं. बाबांचा कान म्हणजे ढोलाच्या मागून कोणाचा सूर हलला तेही पकडणारा. त्यांना हे बरोबर वाटते? मग माझेच कान गेले का? पेटी काढून पाहिली. मला तर ठीक ऐकू येते. आईला ऐकवलं.

"मले तं भांडन वाटलं बाई. पन तुहे बाबा म्हनतेत तं असन."

२९ मार्च, शनिवार

सापडलं! हेमराजकाकांकडे गेली, तिथं उलगडा झाला. बँडात प्रत्येकाचा सा आपापल्या वाद्याचा. क्लॅरनेटवाल्यानं सा वाजवला तर पेटीवर तो दुसराच सूर निघते, सॅक्सोफोनचा आणखी तिसरा. बाबांनी ज्याच्या त्याच्या हिशोबानं सांगितलं आणि मी सगळ्यांचा सा पेटीचाच धरला. आता प्रत्येक वाद्याच्या वर एक ओळ टाकली, याचा सा कोणता म्हणून. छापलेला कागद जसाच्या तसा, आवाज तेवढा जुळला. आणि काय धून आहे! सॅक्सोफोन जिथं खालून येऊन क्लॅरनेटला मिळते, तिथं मला रडूच आलं.

संध्याकाळी बाबांना ऐकवली. बोट कागदावर, पाय ठेक्यावर.

"पयलेही अशीच तं होती. काय बदललं?"

काय बदललं! एवढी मेहनत केली आणि हे? पोरीनं चूक काढली म्हणून हट्ट असेल. लय राग आला. 

३० मार्च

हेमराजकाकांचा फोन. "कागद राहू दे नाईतर फाटू दे, आमाले चिंता नाई. मास्तर समोर हायेत ना! कोनी चुकला का ते तिथंच हातानं सांभाळतेत."

५ एप्रिल

बसलं! अक्षरं थोडी बारीक केली, हेमराजकाकांचं सगळं एका पानात. उद्या बाबांना शेवटचं एकदा ऐकवायचं आणि पाठवून द्यायचं.

६ एप्रिल, रविवार

बाबा खुर्ची ओढून बसले. "वाजव." मी बटण दाबलं. आवाजच नाही — स्पीकरची वायर निघालेली. सांगायला तोंड उघडलं, तर बाबांचा पाय ठेका धरून होता. बोट कागदावर चालून राहिलं होतं. सॅक्सोफोन मिळते त्या जागी डोळे मिटले त्यांनी. 

शेवटी मान हलवून म्हणाले, "आज लय साफ आली."

मी "हो बाबा" म्हटलं. हेमराजकाकांचं ते "मास्तर समोर हायेत ना!" डोक्यातून जाऊन नाही राहिलं. कागद अजून कोणालाच पाठवले नाहीत.